जर्मन सिनेमातले टेक्नो क्लब, ड्रग्ज आणि न संपणारा शनिवार

सांजफेरी

बर्लिनमध्ये बार आणि क्लब अमुक वाजता बंद झालेच पाहिजेत असा नियम नाही, आणि ही मोकळीक टेक्नो संगीताच्या कितीतरी आधीची आहे. १९४९ साली हाइन्झ त्सेलरमायर नावाचा हॉटेलवाला अमेरिकन कमांडंट फ्रँक हाउली यांना भेटला आणि रात्रीची बंदी उठवा म्हणून त्याने गळ घातली. जाताना व्हिस्कीची बाटली सोबत नेली होती, असं सांगतात. पश्चिम बर्लिनमधली बंदी तेव्हा उठली, ती कायमची.

जर्मन सिनेमातल्या क्लब आणि ड्रग्जबद्दल लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. या सिनेमांत गोळी, पूड, सुई सगळं असतं, पण खरा पेच असतो वेळेचा. 'चला, दिवे लागले, निघा आता' असं म्हणणारं जिथे कोणी नाही, तिथे माणूस घरी कधी जातो? शुक्रवारी रात्री आत गेलेला थेट सोमवारी बाहेर पडू शकतो. मधे शरीर झोप मागतं. ती झोप पुढे ढकलायला काहीतरी घेतलं जातं, मग त्या घेतलेल्याचा उतार पुढे ढकलायला आणखी काहीतरी. हे ज्या दिग्दर्शकांना नीट कळलं त्यांचे सिनेमे मला जवळचे वाटतात. ज्यांना फक्त निळे-जांभळे दिवे आणि घामेजलेले चेहरे दिसले त्यांचे सिनेमे चकचकीत जाहिरातीसारखे होतात.

टेक्नोच्या आधीचा एक सिनेमा मात्र टाळता येत नाही. उली एडेल यांचा १९८१ चा 'क्रिस्टिआने एफ.'. पश्चिम बर्लिन, सत्तरच्या दशकाचा शेवट, हेरॉइन. ग्रोपिउसश्टाट या उंच इमारतींच्या वसाहतीत राहणारी कोवळी मुलगी गेंथिनर श्ट्रासेवरच्या 'साउंड' नावाच्या डिस्कोत जायला लागते. हा डिस्को स्वतःला युरोपातला सर्वांत आधुनिक म्हणवत असे. तिथून ती त्सो स्टेशनच्या फलाटांपर्यंत आणि देहविक्रीपर्यंत पोचते. मूळ हकिगत १९७८ मध्ये 'श्टेर्न' साप्ताहिकाच्या काय हेरमान आणि हॉर्स्ट रीक या पत्रकारांनी शब्दबद्ध केली. दोन तासांची ठरलेली मुलाखत दोन महिने चालली होती. सिनेमात डेव्हिड बोवी प्रत्यक्ष गातो आणि त्याचं संगीत भरभरून आहे. तरीही नशा सुटताना ती मुलगी आणि तिचा मित्र यांची खोलीत जी अवस्था होते ती पाहून कोणाला मोह होईल असं मला वाटत नाही. पुढच्या प्रत्येक जर्मन दिग्दर्शकाच्या डोक्यावर या सिनेमाचं सावट आहे. त्याच्यासारखं करायचं नाही, आणि त्याच्यापेक्षा खोटंही करायचं नाही, अशी दुहेरी अडचण.

मग १९८९. भिंत पडली. पूर्व बर्लिनमध्ये मालकी कोणाची हेच ठरलेलं नाही अशा इमारती ओस पडल्या होत्या. कारखाने, वीजकेंद्रं, बंकर. १९९१ मध्ये वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीघरात 'ट्रेझोर' क्लब सुरू झाला. गंजलेली लॉकर्स, लोखंडी गज, आणि डेट्रॉइटहून आलेलं टेक्नो. पूर्वेची आणि पश्चिमेची पोरं पहिल्यांदा एका खोलीत नाचली ती अशा ठिकाणी. जर्मन एकीकरणाचे करार कागदावर झाले, पण त्या पिढीला ते अनुभवायला मिळालं नाचताना, असं तिथले लोक आवर्जून सांगतात आणि मला ते पटतं.

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला तो सिनेमा: 'बर्लिन कॉलिंग', २००८, दिग्दर्शक हानेस श्ट्योर. इकारुस नावाने वाजवणारा एक डीजे आणि संगीतकार, नव्या अल्बमचं काम अर्धवट, विमानतळ-क्लब-हॉटेल-क्लब असं आयुष्य, आणि मॅनेजर असलेली मैत्रीण माटिल्डे. एका रात्री भेसळीची गोळी पोटात जाते आणि तो मनोरुग्णालयात पोचतो. इकारुसचं काम केलंय पाउल काल्कब्रेनरने. तो अभिनेता नव्हे, खराखुरा टेक्नो संगीतकार, पूर्व बर्लिनमध्ये वाढलेला. दिग्दर्शक आधी त्याच्याकडे फक्त संगीतासाठी गेले होते. मग मुख्य भूमिकाच त्याला दिली, आणि सिनेमाचं नशीब तिथे बदललं. नट डीजेचा अभिनय करतो तेव्हा हात उगाच हलतात, मान उगाच डोलते. काल्कब्रेनरचे हात फक्त लागतात तेवढेच हलतात.

सिनेमातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग क्लबमधला नाही, रुग्णालयातला आहे. जेवणाची वेळ, औषधाची वेळ, दिवे घालवायची वेळ. ज्याच्या आयुष्यात वर्षानुवर्षं घड्याळ नव्हतं त्याच्यासमोर एकदम घड्याळच घड्याळ. तो तिथेही नियम मोडतो, पळतो, परत येतो. आणि त्याच खोलीत, लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन, अल्बम पुरा करतो. कोरिना हारफूख यांनी केलेली डॉक्टर पेत्रा पाउल ही नायकाच्या आड येणारी खाष्ट बाई नाही. ती बरोबर आहे, आणि तरी तिला त्याचं संगीत कळत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे हा सिनेमा मान्य करतो. त्यातलं 'स्काय अँड सँड' हे पाउल आणि त्याचा भाऊ फ्रिट्झ यांचं गाणं जर्मन चार्टवर १०० हून जास्त आठवडे राहिलं, यावरून सिनेमा लोकांत किती मुरला ते कळेल.

तुम्ही यातलं काय पाहिलंय, आणि तुम्हाला काय दिसलं, ते लिहा. 'व्हिक्टोरिया'वर मुद्दाम लिहिलेलं नाही. त्यावर मतं ऐकायची आहेत.

बोरीबंदर

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

'व्हिक्टोरिया' मी ओटीटीवर पाहिला आणि लगेच दुसऱ्यांदा पाहिला. सेबास्टिअन शिपर, २०१५. अख्खा सिनेमा एका शॉटमध्ये. कट लपवलेला एक शॉट नाही, खरोखर पहाटे साडेचारच्या सुमारास कॅमेरा सुरू केला आणि सातच्या आधी बंद केला. असे तीन प्रयत्न केले आणि तिसरा ठेवला. पटकथा फक्त १२ पानांची, संवाद नटांनी त्या त्या वेळी बोललेले. कॅमेरा श्टुर्ला ब्रांथ ग्रोव्हलेन यांचा, ज्याला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. संवाद बरेचसे इंग्रजीत म्हणून ऑस्करच्या परभाषा विभागासाठी तो जर्मनीकडून जाऊ शकला नाही.

सुरुवात क्लबमध्ये. स्ट्रोबचा पांढरा झोत इतका की डोळे मिटावे लागतात. माद्रिदहून आलेली, शहरात ओळखीचं कोणी नसलेली मुलगी एकटी नाचते. बाहेर पडताना चार पोरं भेटतात. तासाभराने ती बँक लुटणाऱ्यांची गाडी चालवत असते.

सांजफेरी, तुमचा वेळेचा मुद्दा इथे अगदी चपखल बसतो. या सिनेमात ड्रगवर फार वेळ खर्च केलेलाच नाही. पण एकच शॉट असल्यामुळे आपल्यालाही सुटका नाही. साध्या सिनेमात कट येतो म्हणजे प्रेक्षकाला विचार करायला अर्धा सेकंद मिळतो. इथे व्हिक्टोरियाला तो मिळत नाही आणि आपल्यालाही नाही. 'ही घरी का जात नाही' असं आपण दर दहा मिनिटांनी म्हणतो आणि दर वेळी तिच्या मागोमाग जातो. रात्रभर जागलेल्या माणसाचे निर्णय कसे असतात हे मी इतकं स्पष्ट दुसरीकडे पाहिलं नाही. दरोड्यानंतर ते लोक पळून न जाता पुन्हा क्लबमध्ये नाचायला जातात, तिथे मी खुर्चीत पुढे सरकलो होतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो शुद्ध वेडेपणा, आतल्याला तेच त्या रात्रीचं शिखर.

समईवात

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशन करते, त्यामुळे थोडा वेगळा सूर लावते. राग मानू नये.

'बर्लिन कॉलिंग' चांगला बनवलेला सिनेमा आहे हे मान्य. पण तो तरुण मुलांच्या हातात मी सहज देणार नाही. कारण त्याचा शेवटचा हिशेब पाहा. नायक कोसळतो, रुग्णालयात जातो, आणि तिथून एक गाजलेला अल्बम घेऊन बाहेर येतो. म्हणजे कोसळणं कामी आलं. कलाकाराला नशा लागतेच, वेड लागतंच, ही समजूत आपल्याकडेही घट्ट आहे. संगीत, नाटक, सिनेमा या क्षेत्रांतले किती पेशंट हे वाक्य घेऊन येतात! ते म्हणतात, 'सोडली तर माझं काम संपेल.' या भीतीवर काम करायलाच आम्हाला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

आणि सिनेमात त्या गोळीचं जे होतं त्याबद्दल एक माहिती लिहिते, कारण ती कोणाच्या उपयोगाची असू शकते. सिनेमातल्या गोळीत पीएमए नावाचं रसायन असतं. एमडीएमए, म्हणजे एक्स्टसीच्या गोळीतलं द्रव्य, मेंदूतलं सेरोटोनिन एकदम मोकळं करतं, त्यातून ती जवळिकीची लाट येते, आणि दोन-चार दिवसांनी बऱ्याच जणांना तितकीच खोल उदासी येते. पीएमए दिसायला तशाच गोळीतून येतं पण त्याचा परिणाम उशिरा चढतो. माणसाला वाटतं गोळी हलकी होती, म्हणून तो दुसरी घेतो. तोवर पहिलीचा परिणाम सुरू होतो आणि शरीराचं तापमान जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं. गर्दी, उष्णता, तासन् तास नाच याने ते आणखी बिघडतं. सिनेमात इकारुसचं मन ढळतं, वास्तवात अशा गोळ्यांनी माणसं मेलेली आहेत.

'क्रिस्टिआने एफ.'वरून आठवलं. पत्रकाराच्या लेखणीतून व्यसनाचा विषय समाजापुढे येणं आपल्याकडेही घडलं आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदत देऊ केली, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. जर्मनीत त्या हकिगतीतून पुस्तक आणि मग सिनेमा झाला. आपल्याकडे लेखातून संस्था उभी राहिली. मला याचा फार अभिमान वाटतो.

सांजफेरी

समईवात, राग कसला, याच प्रतिसादाची वाट पाहत होते. पीएमएबद्दल इतकं नेमकं लिहिल्याबद्दल आभार.

पण अल्बमच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. इकारुसचं काम कुठे अडलं होतं? बाहेर, सगळं मिळत असताना. पुरं कुठे झालं? आत, वेळेवर जेवण आणि झोप मिळत असताना. तो तिथेही चोरून घेतो हे खरं, पण काम चालतं ते दिनक्रमाच्या आधाराने. तुमच्या त्या घाबरलेल्या पेशंटला हाच सिनेमा असाही दाखवता येईल.

आणि तुम्हाला नक्की आवडेल असा एक सिनेमा आहे: 'मॅजिकल मिस्टरी', २०१७, दिग्दर्शक आर्ने फेल्डहुसेन, मूळ कादंबरी स्वेन रेगेनर यांची. भिंत पडली त्याच दिवशी कार्ल श्मिटचं डोकं फिरलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो हॅम्बुर्गच्या आल्टोना भागात, व्यसनातून बाहेर पडलेल्यांच्या वसतिघरात राहतोय. जुने मित्र आता टेक्नोची रेकॉर्ड कंपनी चालवतात, भरपूर पैसा करतात. त्यांना देशभर दौरा काढायचाय आणि गाडी चालवायला असा माणूस हवाय जो काहीही घेणार नाही, कधीच. तो कार्ल.

यापेक्षा अचूक मांडणी मला सुचत नाही. सगळे घेतलेले, एक शुद्धीवर. त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं, मोजायचं, वेळेवर गाडीत बसवायचं, पुढच्या गावी न्यायचं. सिनेमा हसवतो, पण चार्ली ह्युबनरने केलेला कार्ल पाहताना सतत काळजी वाटते की हा आता घसरेल. तो नशेला घाबरतो आणि मित्रांवर जीवही टाकतो. एक गंमत सांगते. हाच कार्ल श्मिट २००३ च्या 'हेर लेमान' या सिनेमातही आहे, तिथे तो डेटलेफ बुक यांनी केला होता. 'मॅजिकल मिस्टरी'त बुक आहेत, पण कंपनीच्या मालकांपैकी एक म्हणून. चौदा वर्षांनी त्याच माणसाने जुन्या स्वतःला नोकरीवर ठेवल्यासारखं.

हणजुणचो

मी गोंयचो. हणजूण माझं आजोळ, म्हणून लिहितो.

जर्मनीत सायट्रान्सच्या (टेक्नोच्या जवळचं एक वेगवान नाचसंगीत) पार्टीला लोक सरळ 'गोवा' म्हणतात. 'शनिवारी गोवा आहे' असं. पार्टी कुठल्याशा जंगलात, गोव्यापासून हजारो मैल लांब, आणि पोस्टरवर नाव आमचं. हणजूणच्या किनाऱ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकात जे संगीत घडलं त्यात जर्मन लोक पुष्कळ होते. फ्रँकफुर्टचा स्वेन फेट त्यांतला सर्वांत नावाजलेला. टॉम टिकव्हरच्या 'रन लोला रन'चा हिंदी रिमेक 'लूप लपेटा' २०२२ मध्ये आला तोही गोव्यातच घडतो. बर्लिनची लोला आमच्याकडे आली तर कुठे उतरणार, गोव्यातच, असा तो विचार असणार.

यात मला खुपतं ते एवढंच की या सगळ्या चित्रांत गाव नसतं. माझी आजी नसते, पहाटे पावाची सायकल घेऊन येणारा पोदेर नसतो, आवाजाने झोप न झालेलं मूल नसतं. आपल्याकडे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, केंद्राच्या २००० सालच्या नियमांनी. ती पाळली जाते की नाही यावर किनाऱ्यावरच्या गावांत वर्षानुवर्षं भांडणं चाललीत. म्हणून सांजफेरींचा पहिला परिच्छेद वाचून मी थबकलो. बर्लिनमध्ये बंद व्हायची वेळ नाही, पण तिथल्या शेजाऱ्यांचं काय? त्यांच्या सिनेमांत शेजारी येतो का?

स्प्रेकाठ

हणजुणचो, फार महत्त्वाचा प्रश्न. मी बर्लिनमध्ये राहतो, म्हणून थोडं सांगतो.

शेजारी आहे, आणि तो जिंकतोही. क्लब होते ओसाड भागात. मग तो भाग आवडीचा झाला, घरं बांधली गेली, भाडी वाढली, आणि नव्या रहिवाशांना आवाज नको झाला. स्प्रे नदीकाठचा 'बार २५' २००४ ते २०१० एवढाच टिकला. त्याच्यावर ब्रिटा मिशर आणि नाना युरिको यांनी केलेला माहितीपट २०१२ मध्ये आला. कंफेटी, लाकडी खोपट्या, दिवसांमागून दिवस चाललेली पार्टी, आणि ती बंद पडण्याचं दुःख. 'वॉटरगेट' हा क्लब २०२४ च्या शेवटच्या रात्री बंद झाला. तिजोरीघरातला मूळ ट्रेझोर २००५ मध्येच बंद पडला आणि २००७ मध्ये जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत पुन्हा उघडला.

दुसऱ्या बाजूने मान्यताही मिळत गेली. २०१६ मध्ये कर न्यायालयाने बेर्गहाइन या इथल्या प्रसिद्ध टेक्नो क्लबच्या रात्रींना मैफलींच्या पंगतीत बसवलं, म्हणजे तिकिटावर कमी कर. २०२१ मध्ये जर्मन संसदेने ठराव केला की क्लबांना करमणुकीच्या अड्ड्यांऐवजी सांस्कृतिक स्थळं मानावं. मार्च २०२४ मध्ये बर्लिनचं टेक्नो देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं.

ड्रग्जबद्दल समईवातना एक सांगायचंय. गोळी तपासून देण्याची कल्पना इथे नवी नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'ईव्ह अँड रेव्ह' या गटाने नव्वदच्या दशकात बर्लिनमध्ये तसं काम केलं होतं, पण सरकारी वकिलांच्या कारवाईने ते थांबलं. २०२३ मध्ये बर्लिनने अधिकृत तपासणी सुरू केली. विनामूल्य, नाव न विचारता, आणि आधी सल्लागाराशी बोलणं सक्तीचं. इकारुसची गोळी आज कोणी तिथे नेली तर आत पीएमए आहे हे त्याला घेण्याआधी कळू शकेल. मधे जी जवळजवळ तीन दशकं गेली त्यांचा मला मनापासून राग येतो.

आणि कॅमेऱ्याबद्दल. इथल्या कित्येक क्लबांत दारावर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. आतलं आतच राहतं. त्यामुळे क्लबवरचा सिनेमा करणाऱ्याला आतली माणसं विश्वासाने आत घेतात की नाही यावर सगळं ठरतं. दारावर कोणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्या तीन माणसांवर डाविड डीट्ल यांचा 'बर्लिन बाउन्सर' हा २०१९ चा माहितीपट आहे. बेर्गहाइनच्या दारावरचे, चेहऱ्यावर गोंदण असलेले स्वेन मार्क्वार्ट त्यात आहेत. ते पूर्व जर्मनीतले छायाचित्रकार. 'बाउन्सर' म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्याच्याशी या माणसाचा काही संबंध नाही.

तिसरी_घंटा

माहितीपटांचा विषय निघालाच आहे तर रोमुआल्ड कार्माकर यांचं नाव हवंच. कथापटांपेक्षा मला हे जास्त खरे वाटतात. '१९६ बीपीएम' २००३ चा, लव्ह परेड या बर्लिनमधल्या टेक्नो मिरवणुकीच्या दिवसांतला, मोजक्या लांबलचक शॉट्सचा. कॅमेरा एका जागी उभा आणि समोर नाचणारे लोक, बस्स. पहिली पाच मिनिटं कंटाळा येतो. मग चेहरे दिसायला लागतात.

२०१७ मध्ये त्यांनी पाच डीजेंवर आणखी एक केला. त्याचं नाव हाइन्रिख हाइने यांच्या कवितेच्या ओळीतून घेतलंय: रात्री जर्मनीचा विचार मनात आला की माझी झोप उडते. कवीने ते परागंदा असताना, आईच्या आठवणीने लिहिलं होतं. दिग्दर्शकाने तीच ओळ रात्रभर जागणाऱ्या संगीतकारांच्या डोक्यावर ठेवली. या सिनेमात ड्रग्जची चर्चा जवळजवळ नाहीच, आणि ते मला योग्य वाटलं. रिकार्डो व्हिलालोबोस, रोमान फ्ल्यूगेल ही माणसं आवाजाबद्दल ज्या बारकाईने बोलतात ते ऐकलं की कळतं, यांच्यासाठी ही साधना आहे. आपल्याकडे रात्र रात्र चालणाऱ्या मैफली ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. भैरवीपर्यंत बसलेला श्रोता काही घेऊन बसलेला नसतो.

माया क्लासेन यांचा 'फायर्न' (२००६) मात्र नाचणाऱ्यांना बोलतं करतो. कॅमेऱ्यापुढे एकेक जण बसून शांतपणे सांगतो, किती वेळ राहिलो, का राहिलो, नंतर काय झालं. समईवात, तुम्हाला हा उपयोगी पडेल. कोणी कोणाला उपदेश करत नाही आणि कोणी खोटंही बोलत नाही.

समईवात

तिसरी_घंटा, 'फायर्न' शोधते. सांजफेरी, 'मॅजिकल मिस्टरी'चं कथासूत्र वाचून उठून बसले. एका बाबतीत मात्र माझं मत अजून तेच आहे. सोडलेल्या माणसाला जुन्या मित्रांसोबत, जुन्या जागी, दौऱ्यावर पाठवणं हे मी कधीही सुचवणार नाही. सिनेमात कार्ल निभावतो म्हणून प्रत्येक जण निभावेल असं नाही. पण मित्रांपासून तोडलेला माणूसही घसरतोच, एकटेपणाने. या दोन्हींच्या मधे कुठेतरी त्याची जागा शोधावी लागते, आणि ती दर माणसाची वेगळी असते. सिनेमाने निदान हा प्रश्न विचारला, याबद्दल त्याचे आभारच मानते.

बोरीबंदर

एक राहिला. २०१५ च्या बर्लिन महोत्सवात 'व्हिक्टोरिया'बरोबर स्पर्धेत आणखी एक सिनेमा होता: आंद्रेआस ड्रेझन यांचा 'आल्स वीर ट्रॉयम्टन'. क्लेमेन्स मायर यांच्या कादंबरीवरून, पटकथा वोल्फगांग कोलहाझे यांची. लाइपझिग, एकीकरणानंतरची पहिली वर्षं. शाळेत पायोनिअरचा (पूर्व जर्मनीतली साम्यवादी बालसंघटना) स्कार्फ घालणारी पोरं, देश नाहीसा झाल्यावर एका पडक्या कारखान्यात स्वतःचा टेक्नो क्लब काढतात. परवानगी नाही, पैसा नाही. बाहेर नव-नाझींची टोळी टपलेली. बर्लिनच्या सिनेमांत क्लब म्हणजे पाहुण्यांची जागा असते. इथे पोरांनी तो स्वतःच्या हातांनी उभारलेला आहे, आणि म्हणून तो तुटतो तेव्हा जास्त लागतं. यातलं ड्रग वेळ लांबवण्यासाठी नाही. ज्यांच्या आईबापांचं काम गेलं आणि ज्यांना पुढे काय हेच दिसत नाही, त्यांच्याकडे वेळच वेळ आहे. सांजफेरी, तुमचं सूत्र इथे उलटं फिरतं.

स्प्रेकाठ

हो, बोरीबंदर, हा फरक बरोबर पकडलात. पूर्वेतल्या लहान शहरांची गोष्ट बर्लिनच्या झगमगाटात हरवते.

मला 'ड्रिफ्टर'ही सुचवायचाय, २०२३, दिग्दर्शक हानेस हिर्श. मोरिट्झ नावाचा बाविशीतला मुलगा प्रियकरासाठी बर्लिनला येतो, प्रियकर सोडून जातो, आणि मग क्लब, ड्रग्ज आणि नवी माणसं यांतून तो स्वतःला घडवत जातो. केस बदलतात, कपडे बदलतात, चाल बदलते. समलिंगी मुलांसाठी या जागा काय असतात हे बाहेरून कळत नाही. ज्याला गावात हात धरून चालता आलं नाही त्याला इथे कोणी वळूनही पाहत नाही. दिग्दर्शक त्याचं कौतुकही करतो आणि त्या मोकळेपणात कोणी कोणाला किती वापरून घेतं तेही दाखवतो. शिक्षा म्हणून कोणाला मारत नाही. जर्मन सिनेमाला 'क्रिस्टिआने एफ.'च्या सावटातून बाहेर यायला चाळीस वर्षं लागली म्हणायची.

पेठकर

पुण्याचा धागा जोडून देतो. टेक्नोच्या आधी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, जर्मन शहरांत सगळ्यांत जास्त गर्दी खेचणाऱ्या डिस्कोंपैकी काही रजनीशांच्या संन्याशांनी चालवलेले होते. बर्लिनचा 'फार आउट' त्यातलाच. कोरेगाव पार्कच्या आश्रमात भगव्या कपड्यांत राहून गेलेली जर्मन मंडळी परत जाऊन डिस्को चालवत होती. नाच म्हणजे ध्यान ही कल्पना बर्लिनच्या डान्स फ्लोअरवर डेट्रॉइटहून आलेल्या संगीताने पुढे नेली, पण तिची एक मुळी आमच्या गल्लीतून गेलीय. त्या काळी आश्रमाबाहेर रिक्षा चालवणारे, जर्मन बोलायला शिकलेले काही काका अजून भेटतात. त्यांना बोलतं करायला हवं.

सांजफेरी

पेठकर, जरूर करा, आणि वेगळा धागा काढा. इथे तळाशी गेला तर कोणाच्या नजरेस पडणार नाही.

हणजुणचो, तुमच्या आजीचा प्रश्न मी विसरलेले नाही. मी नावं घेतलेल्या सिनेमांत तरी शेजारी नाही. स्प्रेकाठ म्हणतात तसा तो कज्ज्यात आणि बातमीत आहे, पडद्यावर नाही. कॅमेरा नेहमी आतून बाहेर येणाऱ्याच्या खांद्यावर बसतो, झोप मोडलेल्याच्या उशाशी कधी बसत नाही. असा सिनेमा व्हायला हवा, आणि बर्लिनपेक्षा हणजूणमध्ये आधी व्हायला हवा. तो करणारा माणूस पाव आणणाऱ्या पोदेराला ओळखणारा असला पाहिजे.

बोरीबंदर, सूत्र उलटं फिरतं हे मान्य, आणि त्यामुळे ते मला जास्त आवडायला लागलंय. वेळ संपू नये म्हणून घेणारे आणि वेळ संपावा म्हणून घेणारे, दोघांना पुरवठा करणारा माणूस एकच असतो.

नवीन वाचकांपैकी कोणी विचारेल कुठून सुरुवात करू, म्हणून लिहून ठेवते. आधी 'बर्लिन कॉलिंग', मग 'फायर्न', मग 'मॅजिकल मिस्टरी'. 'व्हिक्टोरिया' शक्यतो रात्री, एका बैठकीत, मधे न थांबवता. 'क्रिस्टिआने एफ.' एकट्याने पाहू नका, आणि घरात किशोरवयीन मुलं असतील तर आधी स्वतः पाहा, मग त्यांच्यासोबत बसा. समईवात, या शेवटच्या सूचनेत काही बदल सुचवायचा असेल तर जरूर सांगा, मूळ लेखातही तसं लिहीन.